मेहकरात मान वर केली नाही

रवि. ९ फेब्रु. १९६४, मोताळा
काल मेहकरला स्थळ पाहून आलो. मुलगी चौतीस, प्राथ. शाळेत शिक्षिका. नवरदेव, म्हणजे मी, एकेचाळीस. वयं सांगताना माझी आत्या आणि मुलीचा भाऊ, दोघांनीही आवाज खाली आणला.
ती रीतीप्रमाणे खाली पाहत होती, मी रीत नसताना. पोह्यांच्या बशीचं मात्र चौघांत मीच नीट निरीक्षण केलं. काठावर निळी वेल, एक पान उडालेलं.
भाऊ : "पाहुणे, वर पाहा ना. आमी काई खाऊन नाई टाकत."
मानेत खिळा ठोकल्यासारखं झालं.
"चहात साखर पुरे आहे ना?" एवढंच ती बोलली. आवाज आवडला. फार.
परतताना बसमध्ये आत्या, "कशी हाय मंग?"
"डाव्या अंगठ्याला ठेच लागलीय."
"अन् तोंड?"
"असेलच."
आत्याने मांडीवरची पिशवी उचलून आमच्या मध्ये ठेवली.

सोम. १०
पोस्टाची खिडकी बरी, जाळीतून नुसते हात येतात. संध्याकाळी साप्ताहिकासाठी सरपंचांवर लेख. सोलून काढलं. हेच सरपंच समोरून आले की मी गल्ली बदलतो. गाव मला वाघ समजतं. गावाने वाघाला पोह्यांपुढे बसलेला पाहिलेला नाही.

शुक्र. १४
मेहकरहून भावाचं पत्र. 'आपण मुलीकडे एकदाही पाहिले नाही, यावरून नापसंती समजलो. चिखलीचे लोक बुधवारी येत आहेत.'
आत्या चुलीपुढून, "तिले वाटलं असंन, काळी हावो म्हून पाह्यलं नाई. आधी तिघायनं नाई म्हटलं बे तिले."
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं भित्रेपण माझ्यापुरतंच, असं इतकी वर्षं धरून चाललो.
उत्तराचे चार कागद लिहिले. चारही चटपटीत उतरले, लेखासारखे. फाडले. जावं लागेल.

रवि. १६
एकटा गेलो. भाऊ लोणारला, मंगळवारी येणार. त्यांची आई आत तांदूळ निवडत बसलेली, दार उघडं. ती ओसरीवर वह्या तपासत होती.
उंबऱ्याकडे पाहत म्हणालो, "मी कोणाकडेच पाहत नाही. पोस्टमास्तरांकडेही नाही. तुमचा रंग कसा, मला ठाऊक नाही."
वही मिटल्याचा आवाज. मग, "मला वाटलं, पुन्हा तेच."
"तसं नाही. कोणी पाहिलं की छाती..."
"माझ्या वर्गात एक मुलगी आहे अशी. तिला फळ्यापुढे उभी करत नाही मी. शेजारी बसते, दोघी मिळून वहीत पाहतो."
तिने वह्यांचा गठ्ठा सरकवला. बसलो. दोघांची तोंडं अंगणाकडे. अंगणात एक कोंबडी, तिलाही कोणी पाहुणी म्हणून बोलावलं नव्हतं. मी किती बोललो! माझ्या आईचं बोललो, पोस्टाच्या खिडकीचं, सरपंचांचंही. ती हसली दोनदा.
मध्ये कळलं, ती माझ्याकडे पाहतेय. गालावर ऊन येतं तसं. उठलो नाही.
"चिखलीचं काय?" मी.
"दादाने बोलावलंय त्यांना. मला विचारलं नाही." मग हळू, "होकार असेल, तर तुम्ही त्याला सांगा. पण त्याच्याकडे पाहून सांगावं लागेल. त्याला दुसरं काही समजत नाही."

मंगळ. १८, पहाटे, बस स्टँड
रजा टाकली. आत्या, "मी येऊ काय संगं?" नको म्हटलं. तरी निघताना दारातून ओरडलीच, "त्याच्या टोपीकडं पाहजो! त्याले वाटंन डोयातच पाहून राह्यला."
युक्ती चांगली. पण भाऊ टोपी घालतो का? त्याच्याकडेही कुठे पाहिलं होतं मी.
बस लागली.