ट्रकवरचं सामान आणि आईचं गाऱ्हाणं

२ नोव्हेंबर १९७३, मुलुंड
ताडपत्री गेली. सकाळी ट्रक पुसायला चाळीमागच्या मैदानात गेलो तर मागचा पट्टा नुसता लोंबतोय. कापलेला नाही, बकल नीट सोडवलेलं. चोराला एवढी सवड मिळाली? आणि शेजारचे तंबू तसेच. तंबू सोडून ताडपत्री नेणारा चोर म्हणजे एकतर येडा, नाहीतर...

ट्रक माझा, लष्कराच्या डिस्पोझलमधून घेतलेला. पण त्यावर बांधलंय ते सगळं हायकिंग ग्रुपचं. तंबू, जेरीकॅन, फावडी, रुतलेली गाडी ओढायचा टोचनचा तारेचा दोर. दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवू कुठे, डोक्यावर? म्हणून बारा महिने ट्रकवरच. आता आमचे सेक्रेटरी कर्णिक, त्यांना काय सांगायचं?

४ नोव्हें.
कर्णिकांना सांगितलं. म्हणाले, "तुमच्या भरवशावर ठेवलंय हो सगळं." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवसभर ट्रकपाशी. टूलरूममध्ये इतकी वर्षं काढली ती काय उगाच? स्टेपनी, जेरीकॅनच्या चौकटी, फावड्यांचे क्लॅम्प, सगळ्या बोल्टांची टोकं हातोड्याने ठोकून बोथट केली. आता कुणाच्या बापाला नट फिरणार नाही. दोराच्या पेटीला कुलूप होतंच. शिवाय हँडलांना काळं ग्रीस आणि काजळी. हात लावेल त्याचा हात आठवडाभर काळा. धाकटा भाऊ विलास बर्फाच्या कारखान्यातून पाळी करून आला, दोन तास पाना धरून बसला बिचारा. म्हणतो, "दादा, त्यापेक्षा ट्रकच घरात घे."

६ नोव्हें.
ग्रीसमध्ये पहिला चोर सापडला. सुमन. वाळत घातलेली चादर वाऱ्याने ट्रकवर गेली ती काढायला गेली, चादर गेली, पातळ गेलं, गालावर पट्टा. "चोर धरायचाय की बायको?" आई दिवाळीपासून इथेच आहे, ती हसून हसून बेजार. मी पण हसलो, पण सुमन नाही.

११ नोव्हें., रविवार
माळशेजच्या बाजूला हाईक. अब्रू गेली.

कच्च्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. स्टेपनी काढायला गेलो तर निघेना. निघेल कशी? मीच ठोकलेली. छिन्नी घरी. ग्रुपची सगळी मंडळी अर्धगोल करून उभी, नि मी नटाशी कुस्ती खेळतोय. कर्णिक म्हणाले, "चोरापासून वाचवलंत, आमच्यापासूनही वाचवलंत." शेवटी एका खडीवाल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून छिन्नी मिळाली.

हे परवडलं. पुढे ओढ्यात गाडी रुतली म्हणून टोचनचा दोर काढायला पेटी उघडली. पेटी रिकामी.

कुलूप जागच्या जागी. मी स्वतः किल्ली लावून उघडलं. आत दोर नाही. खाली वाकून हात फिरवला, जसा काही तारेचा दोर कोपऱ्यात लपून बसणार होता. सगळे माझ्याकडे बघत होते. पोरांनी खांदे लावून गाडी बाहेर काढली.

१२ नोव्हें.
कामावर लक्ष नाही. कुलूप सुमनच्या केसांच्या आकड्याने उघडून बघितलं, नाही उघडत. तारेने, नाही. किल्ली एकच, घरात आरशाशेजारी खिळ्याला. मग? पेटीचा तळ? शाबूत. डोकं चालत नाही.

१४ नोव्हें.
आई आज गावी गेली. एस.टी.त बसवताना म्हणाली, "तू जिवाक लावून घेव नको. मी देवळात गाऱ्हाणा घालतंय. ज्या हातान न्हेल्यान, त्याच हातान आणून ठेवूचा. नायतर तो हात देवान बघून घेवचो."

मी म्हटलं, घाल गं आये, पोलीस तरी कुठे काय करतायत. सुमन म्हणाली, असलं काही नको, कुणाचं वाईट व्हायला नको. मी म्हटलं, चोराचं झालं तर झालं. माझा काही विश्वास नाही असल्यावर. पण तेवढंच आईला समाधान, आणि खरं सांगायचं तर मलाही.

२१ नोव्हें.
विलासच्या उजव्या हाताला फडकं. म्हणतो बर्फाची लादी निसटली. तळवा टरटरून सुजलाय. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन दिवस घरीच राहा म्हटलं तर ऐकत नाही. रात्री कण्हत होता.

२५ नोव्हें.
काय लिहू कळत नाही.

विलासची रजा सांगायला त्याच्या कारखान्यात गेलो, वर्सोव्याला. तिथला मुकादम म्हणाला, "लादी? इथे काही नाही झालं. त्या कोळ्याकडे विचारा, विलास तिथेच असतो." त्याने घर दाखवलं. दारात एक होडी आडवी घातलेली आणि तिच्यावर ताडपत्री. कोपऱ्यात ठिगळ. ते ठिगळ सुमनने घातलंय, माझ्यासमोर, जाड सुयेने. खुंटाला टोचनचा दोर.

घरातला म्हातारा बाहेर आला, मी विलासचा भाऊ म्हटल्यावर हात धरून बसवलंन. होडी खाडीच्या चिखलात रुतून फुटायची वेळ आली होती, विलासने दोर आणला म्हणून वाचली. दुरुस्तीला पैसे जमेपर्यंत उन्हापासून झाकायला ताडपत्री पण त्यानेच आणली. "घरचाच आहे तो आमच्या." दोराची एक तार सुटलेली, मागाहून होडी आणखी वर ओढताना ती विलासच्या तळव्यात घुसली. मुलगी पाणी घेऊन आली. हिरा नाव. मला विचारलं, "हात कसा आहे त्यांचा?" त्यांचा म्हणाली. मग सगळं कळलं.

हात न लावता परत आलो. तिच्यासमोर ताडपत्री ओढून काढायची माझी छाती झाली नाही. किल्ली घरातल्या खिळ्याला आणि मी कुलपाला दोष देत बसलो होतो. गाढव.

२६ नोव्हें.
विलासला गच्चीवर नेऊन विचारलं. नाकारलं नाही.
"परत आणून ठेवणारच होतो दादा."
"मला विचारलं का नाहीस?"
"विचारलं असतं तर कुणासाठी ते सांगायला लागलं असतं."

आईच्या कानावर कोळ्याच्या मुलीचं गेलं तर काय होईल हे दोघांनाही माहीत. राग तर आला होताच आणि त्याच वेळी तो लहान असताना माझ्या खांद्यावर झोपायचा तेच आठवत होतं. मग गाऱ्हाण्याचं सांगितलं. आधी हसला. मग फडक्याकडे बघत राहिला.

विचारलं, हाताला तार लागली ती आईने गाऱ्हाणं घालण्याआधी की नंतर? आधी असेल तर प्रश्नच मिटला. म्हणतो, आठवत नाही. आई देवळात कधी गेली ते मलाही माहीत नाही.

२८ नोव्हें.
हिराचा बाप दोर आणि ताडपत्री स्टेशनपासून हातगाडीवर घालून स्वतः देऊन गेला. मी बाहेरच गाठला म्हणून बरं. कर्णिक खूश, म्हणाले चोराला उपरती झाली. मी मान डोलावली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं? सगळं सामान ट्रकवर परत चढलं, माझ्या जिवाला मात्र काडीचं सुख नाही.

विलासचा ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले पू हाडाकडे जातोय, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात दाखवा, बोट काढावं लागेल कदाचित. गंजकी तार, खाडीचा चिखल, त्यावर इतके दिवस लपवाछपवी. एवढंच आहे ते. टूलरूममध्ये असल्या जखमा मी ढीगभर बघितल्यात. तरी रात्रभर आईचं ते "तो हात" डोक्यात. मला कुठे माहीत होतं कुणाचा?

सुमनने खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंना विचारलं, त्या आमच्याच गावच्या बाजूच्या. वस्तू परत आली म्हणून गाऱ्हाणं आपोआप सुटत नाही. घालणाऱ्याने परत देवळात उभं राहायचं, गावकरांसमोर, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांसमोर, कुणी नेलं, कुठे गेलं ते बोलायचं, नारळ ठेवायचा. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले की सुटलं.

म्हणजे सगळ्या गावासमोर. सुमन म्हणते सांगून टाकू या, हात महत्त्वाचा. मी म्हणतो हे सगळं थोतांड आहे. मग तीच विचारते, थोतांड आहे तर तुम्ही जेवत का नाही?

३० नोव्हें.
विलासला भरती केलं. आईला कार्ड टाकलं होतं, फक्त बरं नाही एवढंच. बोटाचं उद्या ठरवतील. हिरा वॉर्डच्या बाहेर उभी होती, मला बघून जायला निघाली. थांब म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

४ डिसें.
बोट राहिलं. हात वाकेल का ते सांगता येत नाही म्हणतात. विलासला घरी आणला.

आई संध्याकाळी आली. येताच ट्रकपाशी गेली, ताडपत्री बघितली, दोराची पेटी उघडायला लावली. वर येऊन विलासच्या हाताकडे बघितलं. तेव्हा मी ठरवलेलं बोलून टाकलं. आये, दोर मीच काढला होता. मीच एकाला दिला, मग घाबरून चोरीचं बोललो. माझ्या नावाने सोडव गाऱ्हाणं.

आईने पिशवीतून नारळ काढला, जमिनीवर ठेवला.
"तुज्या नावान नारळ ठेवलंय तर हात कोणाचो बरो होतलो?"

विलास भिंतीकडे तोंड करून पडलेला, पण जागा.

"माका येडी समाजतास? सामान परत इला आणि हात माज्या झिलाचो पिकलो. मी माज्याच झिलावर देव घातलंय रे." ती रडायला लागली. आईला रडताना मी बाबा गेल्यावरच बघितलं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्याच्या गाडीन परत जातंय. पण देवळात उभ्या ऱ्हवान मी काय सांगू? सामान कोणाच्या घराक गेलेला, ता माका कळाक होया."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी विलासकडे. त्याने सांगावं की मी? आणि कळल्यावर आई नारळ घेऊन गावी जाईल, की कोळ्याच्या घरचं ऐकून नारळ इथेच टाकेल?

मी बाहेर जिन्यावर बसून हे लिहितोय. आत आई तशीच बसली आहे, नारळासमोर.