गाव बरं की पुणं बरं, याचं दलसिंगबापूला उत्तर

प्रिय मित्र दलसिंगबापू यास दोधूचा पुण्याहून मनापासून रामराम.

इकडे आम्ही नवरा-बायको, अजित आणि सूनबाई सीमा असे चौघेही खुशाल आहोत. तुझी, म्हशीची आणि वहिनींच्या गुडघ्याची तब्येत कळवावी (हा क्रम महत्त्वाचा समजू नये, आठवलं तसं लिहिलं, वहिनींना हे वाक्य वाचून दाखवू नये).

तुझा निरोप पोचला. तुझ्या पोराने, कुंदनने, आमच्याच सोसायटीत फ्लॅट पाहिला आहे, गावच्या तुझ्या घराला तळोद्याचं गिऱ्हाईकही आणलं आहे, आणि तू विचारतोस की घर विकून कायमचं पुण्याला यावं का, खर्च कुठे जास्त आणि सुख कुठे जास्त. मीही माझं घर विकूनच इथे आलो, तेव्हा विचारायला माणूस तू बरोबर निवडलास.

आधी खर्च. बापू, इथे ताक विकत घ्यावं लागतं. होय, ताक! पिशवीत, वर तारीख छापलेलं. आपल्याकडे ताक विकणाऱ्याच्या घरात कोणी पोरगी दिली नसती. इथे त्याच ताकात जिरं टाकलं की भाव वाढतो. आपल्याकडची पपई, जी टेम्पोतून पडली तर उचलायला कोणी वाकत नाही, ती इथे कापून, डबीत घालून, सोबत काटा देऊन विकतात (पपईला काटा कशाला लागतो, हे सूनबाईंनी दोनदा समजावलं, मला कळलं नाही). दादर ज्वारीचं पीठ इथे औषधासारखं अर्धा-अर्धा किलो आणतात. आणि कढीपत्ता पाकिटात मिळतो. भिंतीवरून हात घालून ओरबाडायची सोय कुठेच नाही, कारण भिंतीपलीकडे कोण राहतं तेच ठाऊक नाही.

आता सुख. आल्याआल्या पहिल्या आठवड्यात मी आपल्या रीतीप्रमाणे सकाळी खाली जाऊन लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसलो. घरापुढे बसलेल्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकलं नाही तर आपल्याकडे लोक विचारतात, काय रे बाबा, राग आला का? म्हणून मी प्रत्येकाला विचारत गेलो, "कोठे चालना भो?" बाई असली तर, "काय आनं माय पिशवीमा?" दोन दिवस लोक बिचकले. तिसऱ्या दिवसापासून नीट उत्तरं देऊ लागले. कोणी फ्लॅटचा नंबर सांगे, कोणी थांबून नाव सांगे, एका पोराने तर माझ्यासमोर वहीत सहीसुद्धा केली (वही त्यानेच शोधून आणली). मला वाटलं, पुण्याचे लोक उगाच बदनाम आहेत. मग कुरिअरवाले माझ्याकडे पार्सलं ठेवू लागले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गाडीची किल्ली हातात देऊन काच पुसून ठेवायला सांगितलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळी सोसायटी मला नवा वॉचमन समजत होती! खरा वॉचमनही मला त्याचा वरचा साहेब समजून दोन दिवस सलाम ठोकत होता.

घरात पार्सलांचा ढीग पाहून आमची निर्मला म्हणाली, "आते पगार बी मांगी ल्या." ती हसली, मीही हसलो. अजित मात्र हसला नाही. त्याने घरोघर जाऊन पार्सलं पोचवली, माफी मागितली, आणि परत आल्यावर मला इतकंच म्हणाला, "बाबा, बाल्कनीत बसत जा ना. तिथे वारा चांगला येतो." रागावला असता तर बरं झालं असतं. वारा खरंच चांगला येतो. पण नवव्या मजल्यावरून कोणाला काय विचारणार? मला फार वाईट वाटलं, बापू, आणि ते अजून गेलेलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की इथे येऊ नये. खर्च परवडणार नाही, ताक तर मुळीच परवडणार नाही, आणि तुझा आवाज माझ्याहून मोठा असल्यामुळे तुला पहिल्याच दिवशी वॉचमन करतील. म्हशीच्या पाठीवरून हात फिरव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दोधू

ता. क. : निर्मलेने पत्र वाचलं. म्हणते, "सगळं खोटं लिखं." पपई एवढीही महाग नाही. इथे लाइट जात नाही. गुडघ्याचा डॉक्टर आमच्या समोरच्याच इमारतीत आहे आणि चांगल्या हातगुणाचा आहे. निर्मला आता जिना चढते. वहिनी तिकडे जीपमध्ये हाडं खिळखिळी करून नंदुरबारला जातात आणि येताना जास्त दुखणं घेऊन येतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांना घेऊन ये. लवकर ये. कुंदनलाही नाही म्हणू नकोस.

आणखी एक ता. क. : हे निर्मलेला न दाखवता लिहितो आहे. या आखाजीच्या सणाला मी गावी आलो आणि तुझ्याकडे उतरलो, तेव्हा वहिनींनी माझ्यासाठी कपाटातली नवी चादर काढली आणि तू मला पंख्याखालची जागा दिलीस. तुमची काहीच चूक नव्हती, पाहुण्याला असंच करतात. पण आपल्याच गावात पाहुणा झालो म्हणून मला त्या चादरीवर झोप आली नाही. बापू, ये, पण घर विकू नकोस. त्या गिऱ्हाइकाला काहीही कारण सांग, भूत आहे म्हण, मी फोनवर साक्ष देतो. कुलूप लावून ये, म्हणजे वहिनींचा गुडघा बरा झाला की तुम्हाला परत जाता येईल. आणि जाल तेव्हा मला सोबत न्या.