टाकीतल्या टाकीत

प्रिय भाऊजी,

वहिनीचा लांबूनच नमस्कार. (समोर असतात तरी हात जोडले नसते, हातांना पेट्रोलचा वास येतोय, कारण पुढे कळेल.) तुमची पाठ काय म्हणते? जाऊबाईंचा खोकला गेला का? इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त एकाचं डोकं ठिकाणावर नाही. ते डोकं तुमच्या थोरल्या भावाच्या खांद्यावर आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मामंजींची जुनी टर्बो गाडी विकायचं चाललंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गिऱ्हाईक मीच शोधलं, आमच्या समोरचे चष्म्याचे दुकानदार. रविवारी ते गाडी बघायला येणार, तुम्ही दोघे भाऊ हो म्हणालात की दारातली ब्याद टळली. पण तुमचे बंधू म्हणतात, बाबांची गाडी धापा टाकत परक्याच्या दारी जाणार नाही, आधी टेकडी चढेल आणि मग विकू. चढली की ते विकणार नाहीत, हे न कळायला मी काय काल या घरात आले?

गाडीचं दुखणं असं, की चढ लागला की इंजिनातला टर्बो शीळ घालत जागा होतो आणि त्याला नेमकं तेव्हाच जास्त पेट्रोल हवं असतं. म्हाताऱ्या पंपाला तेवढं पोचवणं झेपत नाही, मग गाडी उचक्या देते. हे निदान 'प्रोफेसर'चं. प्रोफेसर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक. (गाडीला हात लावत नाही, व्याख्यान देतो.) त्याने सांगितलं मोठा पंप घाला, आणि तुमच्या बंधूंनी बाह्या वर केल्या. जन्मभर लोकांच्या दाढा उपटल्या, एक पंप निघणार नाही का, म्हणे! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

आता हा पंप असतो मागच्या सीटखाली, थेट पेट्रोलच्या टाकीत. टाकी उघडायची तर आधी रिकामी करावी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांनी आदल्या दिवशी ती काठोकाठ भरून आणली. (नव्या पंपाला उपाशी कशाला ठेवायचं!) सीट आली दिवाणखान्यात. वास इतका, की काडी ओढायची माझी छाती होईना. सगळे गार जेवलो. हे टाकीवर ओणवे, कपाळाला दवाखान्यातला दिवा, आणि सवयीने टाकीलाच सांगतायत, "आ करा, अजून थोडा." जुना पंप निघाला, नवा बसला, त्याची नळी आवळायची क्लिप मात्र हरवली. दुसरा कोणी दुकानात गेला असता. ह्यांनी पोरांचे वाकडे दात सरळ करायची तार आणली आणि नळीला गुंडाळली. वर मलाच ऐकवतात, "अगं, ही तार दात हलवते, नळी काय चीज आहे!"

सपाटीवर गाडी झकास पळाली. टेकडीच्या चढाला टर्बोने शीळ घातली आणि बाईसाहेब मटकन बसल्या. मागे बस, बसमागे सगळं गाव भोंगे वाजवतंय. ढकलायला आला कोण, तर ह्यांचाच पेशंट! एक गाल सुजलेला, बिचारा कण्हत ढकलतोय, आणि हे खिडकीतून त्याला बजावतायत, "त्या बाजूने चावू नका हं!" मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. प्रोफेसरने निकाल दिला, की पंप लहान पडला, आणखी मोठा आणा. ह्यांनी मान डोलावली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

तेव्हा भाऊजी, शनिवारी याच, आणि भावाला चार खडे बोल सुनावून गाडी विकायला लावा. मामंजींनी मला त्याच गाडीवर शिकवलं होतं, चढावर घाबरू नको म्हणायचे. तिची अशी शोभा झालेली मला बघवत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. हाताच्या वासाचं सांगायचं राहिलं. सकाळी हे दवाखान्यात गेल्यावर मीच सीट उचलून टाकी उघडली. तार सैल पडली होती. जोर आला की नळी निसटायची आणि पंप टाकीतलं पेट्रोल टाकीतच ओतत बसायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड तुडुंब आणि पोहरा फुटका. वरचं पत्र लिहून झालं आणि राहवेना, म्हणून मी सिलिंडर बंद केला, शेगडीच्या नळीची क्लिप काढून पंपाला आवळली आणि गाडी टेकडीवर घातली. भाऊजी, काय सांगू! बस मागे टाकली. एक नवी कोरी गाडी मागे टाकली, आत चष्म्याचे दुकानदार होते. वर पोचले तेव्हा एकटीच मोठमोठ्याने हसत होते, आणि मग मामंजींच्या आठवणीने रडूच आलं.

ता. क. दुसरा. दुकानदार आता आपण म्हणू ती किंमत द्यायला तयार आहेत. मी नाही म्हणून सांगून आले. तुम्ही शनिवारी या, खडे बोल घरी ठेवून या. येताना शेगडीच्या नळीची क्लिप आणा, अजून गारच जेवतोय. आणि प्रोफेसर म्हणतो तो आणखी मोठा पंप तिकडे मिळतो का, तेवढं बघा. (ह्यांना कळू देऊ नका. गाडी चढल्याचं त्यांना दुकानदारांकडून कळलंय, पण ती दाताच्या तारेने चढली असं त्यांना वाटतंय, वाटू दे. पंप मी बसवीन.)