तिच्या भागात माझा पाय

आदरणीय ताईंना,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तुम्ही चढताय, हे तुमच्या भाचीकडून कळलं. मी ठीक आहे. (हे वाक्य गेले काही महिने इतक्या जणांना सांगितलंय, की हल्ली कोणी पत्ता विचारला तरी तोंडातून आधी तेच निघतं.) घर स्वच्छ आहे, जेवण वेळेवर होतं, ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. तुमच्या बहिणीच्या कुंड्यांपैकी दोन जगल्या आहेत. बाकीच्यांबद्दल तुम्ही विचारणार नाही अशी आशा आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की मी कथा लिहितो आहे. तुम्ही हे बसून वाचत असाल असं धरून चालतो. "क्लच दाबा, आरशात बघा, आता सोडा, सोडा म्हटलं ना" एवढ्यावर ज्याने आयुष्य काढलं त्याने कथा लिहावी, हे मलाही पटलेलं नाही. तुमच्या भाचीने मला न विचारता कथालेखनाच्या वर्गात माझं नाव घातलं. बाबा, तुम्ही बोलत नाही, निदान लिहा तरी, असं तिचं म्हणणं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी हा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. पूर्वी त्या आमच्या स्कूलमध्ये गाडी शिकल्या (दुसऱ्या खेपेला पास झाल्या), त्यामुळे अजून मला मास्तर म्हणतात, मी त्यांना बाई म्हणतो, आणि नक्की कोण कोणाकडे शिकतंय याचा नवीन माणसाचा घोळ होतो. माझ्या शेजारी दातांच्या एक डॉक्टर बसतात. समोरच्याच्या तोंडात अवजार घालून बोलायची सवय असल्यामुळे त्या मत देतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

बाईंनी सांगितलं, दोन माणसांची गोष्ट लिहा, थोडी त्याच्या बाजूने आणि थोडी तिच्या. मी आमचीच घेतली. लग्नानंतर मी तिला गाडी शिकवत होतो तेव्हा भर चौकात तिने गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दार उघडून चालत निघून गेली, तो प्रसंग. (ती तुमच्याकडेच आली होती. "इथे नाही आली" असं तुम्ही मला दारातच सांगितलंत. तिच्या चपला तुमच्या पायाशी होत्या.) नवऱ्याला काय वाटलं, लगेच बायकोला काय वाटलं, मग मागच्या ट्रकवाल्याला, चौकातल्या पोलिसाला आणि समोरच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाईकाला काय वाटलं, हे सगळं मी एकाच परिच्छेदात लिहिलं. कोणावर अन्याय नको, एवढाच हेतू होता. वाचून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मास्तर, मला गाडी लागली."

मग बाईंनी समजावलं. वाचणारा माणूस एका कोणाच्या तरी डोक्यात बसून प्रवास करत असतो, त्याला चालत्या गाडीतून दुसऱ्या गाडीत फेकायचं नाही. आधी थांबा, त्याला उतरू द्या, मग दुसरीकडे बसवा. हे मला चटकन समजलं. लिहिण्यालाही वाहतुकीचे नियम असतात हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. पुढच्या शनिवारी नवऱ्याचा भाग संपल्यावर मी एक ओळ मोकळी सोडली आणि खाली ठळक अक्षरात "सावधान, पुढे पत्नीचे विचार" असा फलक लावला. बाई म्हणाल्या, फलक काढा, पहिल्या वाक्यातच ती ओळखू आली पाहिजे. फलक काढला, आणि तिथेच पंचाईत झाली, कारण फलक काढल्यावर ती कोणालाच ओळखू येईना. तिच्या भागात मी लिहिलं होतं, की नवरा किती शांतपणे समजावत होता, चूक माझीच होती, क्लच मी फार लवकर सोडला. डॉक्टर म्हणाल्या, "या बाईला नवऱ्याने पगारावर ठेवलंय का?" सगळे हसले. मीही हसलो. ती असती तर हेच म्हणाली असती, फक्त एवढ्यावर थांबली नसती.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, तिच्या भागातसुद्धा ब्रेकवर पाय तुमचाच आहे." (शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर गाडी थांबवायला. बाईंच्या वेळी तो मी बराच वापरला होता.) हे मात्र मला लागलं. ताई, मला कथेची हौस नाही. मला एकदा तिचा आवाज ऐकायचा होता. कागदावर मात्र माझाच आवाज उतरत होता, नुसता बाईमाणसाचा करून.

म्हणून रविवारी मी शिकाऊ गाडी घरासमोर उभी केली, तिच्या उंचीला लागेल इतकी सीट पुढे ओढली आणि तिच्या जागेवर बसून पाहिलं. स्टिअरिंग पोटात रुतलं, गुडघे दोन्ही बाजूंना आले, आणि मला ना पुढे सरकता येई ना बाहेर पडता. शेजारचे वकील काचेवर टकटक करून म्हणाले, "मास्तर, अडकलात का?" मी म्हटलं, "हो, दुसऱ्या भागात." त्यांनी घरी जाऊन तुमच्या भाचीला फोन केला. ती येईपर्यंत मी तिथेच होतो, आणि तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. त्या सीटवरून शेजारचा ब्रेक स्वच्छ दिसतो. माझा पाय त्याच्यावर टपून बसलेला असतो हे शिकणाऱ्याला दिसत नाही, अशी माझी आजवर समजूत होती. त्या दिवशी मी तिच्या भागात एकच वाक्य लिहिलं: "हा मला समोर बघ म्हणतो, आणि मला याचा पाय दिसतो."

वर्गात वाचलं तेव्हा डॉक्टरांनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. बाई हळूच म्हणाल्या, "आल्या." मलाही ऐकू आलं, ताई. तो "हा" तिचाच होता. पण तेवढं बोलून ती जी गप्प बसली ती बसलीच. मी किती मोकळ्या ओळी सोडल्या, ती काही बोलत नाही.

असो. पत्र लांबलं. जिने चढू नका.

तुमचा,
मास्तर

ता. क. दर रविवारी दुपारी तुम्हा दोघींचा फोन चालायचा आणि आमच्या आतल्या खोलीचं दार बंद असायचं. बाहेर मला हसणं ऐकू यायचं आणि मधेच आवाज खाली जायचा, तेव्हा विषय मी असावा. तेवढं जे असेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवाल का? सौम्य करू नका. काही चांगलं बोलली असेल तर ते वेगळ्या कागदावर लिहा, कथेला त्याची गरज नाही.

आणखी एक. बाईंचं मत पडलं, की नवरा गाडीत आहे तोवर ती बोलायची नाही. म्हणून काल मी नवऱ्याला पहिल्या भागाच्या शेवटी मारून टाकलं. (झोपेत. कोणाला त्रास झाला नाही.) दुसऱ्या भागात आता ती एकटी आहे. स्कूल तीच चालवते, आणि शिकणारे तिच्यावर खूश आहेत. पण तो गेल्यावरच्या पहिल्या सकाळी उठून ती काय करेल, हे मला काही केल्या सुचत नाही. तुम्ही थोरल्या, तुम्हाला ठाऊक असेल, तर कळवा. रडू देणार असाल तर आधी तिला थोडं चिडू द्या, न सांगता गेल्याबद्दल. सुरुवात तशीच होते.