डिंगोऱ्याचा कॅम्प आणि दादाचा माइक

सोमवार, ११ मे

दादाचा फोटो बघितला — विजेच्या खांबावर! फ्लेक्स. डिंगोरे गावची यात्रा, भव्य बैलगाडा शर्यती, शनिवारी. निवेदक — रामदासभाऊ राजुरीकर. हातात माइक, मिशा पिकलेल्या. बारा वर्षांनी भेट झाली ती अशी! कॅरनने, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखबाईंनी विचारलं, हा कोण? म्हटलं, आहे एक जण.

आयर्लंडहून निघाले ती हॉस्पिटलात सलग चार रात्रपाळ्या करून. आमच्या चर्चच्या टीमला हा परदेशातला कॅम्प. मी त्याला काय म्हणू? राजुरी इथून तासाभरावर, तिथंच जन्मले. थॉमसशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला आणि दादाने माझं नाव घेणंच सोडलं. 'मला बहीण न्हाई.' आई गेली तेव्हाही कळवलं नाही. आठ दिवसांनी वहिनीने चोरून फोन केला.

मी पोरांना इंग्रजी शिकवायला आलेय, त्याला भेटायला नाही.

खोटं. इथं तरी कशाला खोटं लिहायचं? त्याने एकदा 'सुप्रिया' म्हणावं, एवढ्यासाठी आलेय.

मंगळवार, १२ मे

पंचवीस पोरं आणि एक शब्द नाही! कॅरन गाते, नाचते, घामाघूम होते. पोरं तोंडाला कुलूप लावून बघत बसतात. टीममधले दोघं पोट बिघडून आडवे. म्हणजे वर्ग मी, ओआरएस मी, स्वयंपाकघरात 'तिखट कमी' सांगणारीही मीच. पाय सुजून टम्म. गावातल्या सरूबाई नातीला सोडायला आल्या आणि दारातच विचारलं, 'बाटवायला तर न्हाई ना आलात?' म्हटलं, नाही हो आजी, इंग्रजी शिकवायला. प्रार्थना आमची आम्ही करतो. 'मग असू द्या.'

देवा, एक तर पाय दे, नाहीतर दुसरं कुणीतरी धाड. आमेन.

बुधवार, १३ मे

हात उचलवत नाही. झोपते.

गुरुवार, १४ मे

सापडलं! सापडलं!

मधल्या सुट्टीत दोन पोरं खांद्यावर दोरी घेऊन बैल झालेली. आणि हर्षाली, सरूबाईंची नात, वर्गात मान वर करत नाही ती, पाण्याची बाटली तोंडाशी धरून — 'झाली! झाली! झाली! पुढं घोडी, मागं गाडा, काय ती बारी, भले शाब्बास!' अंगावर काटाच आला. हा तर हुबेहूब दादा! तसंच शेवटचं अक्षर लांबवणं! कुठं शिकलीस गं? 'यूट्यूबवर. रामदासभाऊंचं मला सगळं पाठ हाय.'

म्हटलं, आता हेच इंग्रजीत.

'लई अवघडे, बाई.'

'बैल म्हणजे?'

'बुल.'

'पांढरा?'

'व्हाइट.'

'मग अडलंय कुठं?'

पाच मिनिटांत वर्गाच्या हॉलचा शर्यतीचा घाट झाला. पंचवीसच्या पंचवीस पोरं बोंबलतायत — 'व्हाइट बुल! फास्ट बुल! नो ब्रेक!' बेंच उलटला, कॅरनचा चष्मा मोडला. मोडू दे! मी पण पळाले, याच सुजलेल्या पायांनी!

शुक्रवार, १५ मे

हर्षालीला उद्या घाटावर, खऱ्या माइकवर बोलायचंय. मी नाही म्हटलं. चारचौघांत दादाने तोंड फिरवलं तर? सरूबाईंना सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं आणि वर खवळल्याच — 'पोरीला बोलती केलीस आन आता तूच घाबरतीस व्हय?' थॉमसला फोन केला. तो म्हणाला, जा. बाकी काही नाही.

शनिवार, १६ मे

कसं लिहू!

ऊन, धुरळा, भंडारा, हजारो माणसं. मी पार मागे, ओढणी तोंडावर ओढून. सरूबाईंनी नातीला धरून सरळ स्टेजवर नेलं. 'रामदासभाऊ, एक बारी आमच्या पोरीला करू द्या.' दादा हसला. माइक दिला.

बारी सुटली, गाडा उधळला आणि पोरगीही सुटली! 'टू व्हाइट बुल्स! व्हेरी अँग्री! हॉर्स इन फ्रंट! नो ब्रेक, नो ब्रेक, नो ब्रेक!' घाटभर शिट्ट्या! टोप्या हवेत! गाडा केव्हाच वर पोचला, हिचं चालूच.

दादाने माइकवरच विचारलं, 'कोन्त्या शाळंत जाती गं बाय?'

'शाळा न्हाई, कॅम्प. सुप्रियाबाईंनी शिकवलं. तुमच्या राजुरीच्याच हायेत की.'

दादाने टाचा उंचावून गर्दीवरून नजर फिरवली. मी निघून जायला वळले.

मग आवाज आला — 'मंडळी, एका पाव्हण्यांचं स्वागत राहिलं. पार आयर्लंडवरनं आल्यात. सुप्रिया! ह्या रामदासची सख्खी बहीण! कुठं हायेस गं? म्होरं ये!'

बारा वर्षं! आणि नाव घेतलं ते लाउडस्पीकरवर, अख्ख्या यात्रेत! माणसं बाजूला झाली, मी रडत, हसत पळत गेले. दमणं कुठं गेलं देव जाणे. दादाने भंडाऱ्याने पिवळा झालेला हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाला, 'लई वाळलीस.'

रविवार, १७ मे

आमची प्रार्थना संपेपर्यंत दादा हॉलच्या दारात उभा होता, चपला काढून. मग कॅरनकडे बोट करून मला म्हणाला, 'तिला सांग, पुढच्या वर्षी कॅम्प आमच्या खळ्यात. मांडव मी घालतो. पोरांना आन तुमच्या येशूला, दोघांना बी जागा हाय.'

कॅरन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी भडाभडा सगळं सांगितलं, आणि तेही मराठीतच!