आदिनाचं वल्हं

तीर्थरूप केनेसीमामांच्या पायाशी भाचा दोसू याचा दंडवत.

मामा, तिकडे राजधानीत, पारामारिबोत, तुम्ही खुशाल असाल. गुडघा काय म्हणतो? तुम्ही स्वतःच्याच चष्म्यावर बसलात असं आईकडून कळलं, वाईट वाटलं. मामींनाही नमस्कार. इकडे आई ठीक, कोंबड्या ठीक, मी मात्र ठीक नाही. तीन दिवस घशाखाली घास उतरत नाही. (परवा शेंगदाण्याचं सूप दोन वाडगे गेलं, पण चव लागली नाही.) मोबाईलचा मनोरा पंधरा दिवस बंद आहे, म्हणून हे पत्र बोटवाल्याच्या हाती देतोय.

झालं असं, की मंगळवारी आट्योनीच्या धक्क्यावरून मी एकच प्रवासी घेतली. हेंद्रिकाबाई, वय बहात्तर, राहणार हॉलंड. हिला म्हणे खरं जंगल बघायचं होतं. (जंगलात खोटं काय असतं ते मला विचारू नका.) मी तिला दहादा सांगितलं, बाई, नदी आटलीय, खडक वर आलेत, आठ दिवस थांबा. पण ती तोवर होडीत बसून टोपीची नाडी बांधत होती. मला तर घरून निघतानाच डावा डोळा फडफडत होता. दुसऱ्याच धबधब्याखाली इंजिनाचा पंखा खडकाला लागला, पिन तुटली, होडी आडवी झाली. मी पुढं बांबू घेऊन खडकांशी झुंजतोय, मागं वल्हवायला कुणी नाही. बाईच्या हाती साधं वल्हं दिलं, ते पहिल्याच खडकावर मोडलं. आता होडीत राहिलं एकच वल्हं. फळीखाली, कापडात गुंडाळलेलं.

मामा, ते वल्हं कुठलं हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्या महिन्यात तुम्ही आदिनाला मागणी घालायला येणार, तेव्हा तिला द्यायचं म्हणून आठ महिने कोरत होतो. वेलबुट्टी अगदी तुम्ही शिकवलीत तशी. (घरी ठेवलं की आई येईल-जाईल त्याला दाखवते, म्हणून होडीत लपवलं.) पण पाणी गुडघ्याला आलं नि माझी अक्कल पाण्यात गेली. काढलं नि दिलं बाईच्या हाती! ती तरुणपणी कुठल्याशा होड्यांच्या शर्यतीत होती म्हणे. असं वल्हवलं, की मी नुसता देवाचं नाव घेत राहिलो नि होडी पार झाली.

पार झाली ती थेट गावच्या घाटाला. भांडी घासायची वेळ. झाडून सगळ्या बायका हजर, त्यात आदिना नि तिची आई आफिबा. आणि बाई कशी आली? उभी राहून, वल्हं डोक्यावर धरून, हसत! आता आपल्यात पुरुषानं कोरलेलं वल्हं घेऊन बाई घाटाला उतरली, की ती त्याचीच झाली, पुढं बोलायचं काही उरतं का? आफिबा म्हणाली, "काय रे मेल्या, माझ्या पोरीच्या नावानं लाकूड तासत होतास, नि नवरी ही आणलीस होय?" आदिना भांड्यांची पाटी उचलून निघून गेली. मामा, तिनं त्यातलं एखादं पातेलं फेकून मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. मला रडू आलं. मग मी घाईघाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. असो. तब्येतीला जपा.

आपला, दोसू

ता. क. मी बोललो ते असं: "हे वल्हं माझं नाहीच, केनेसीमामांनी कोरून हेंद्रिकाबाईंसाठी पाठवलंय. मी नुसता पोचवणारा." वेलबुट्टी तुमच्यासारखीच, त्यामुळे आफिबाला निम्मं पटलं. आदिनानं निरोप धाडलाय, मामांनी स्वतः येऊन सांगितलं तरच खरं मानीन.

ता. क. दुसरा. तर सोमवारच्या बोटीनं याच. इस्त्रीचा शर्ट आणा. बाईला आमचं बोलणं कुणीतरी समजावून सांगितलंय, वल्हं उशाशी घेऊन झोपते नि तुम्हाला कुठला मासा आवडतो ते विचारते. परत मागितलं तर मलाच मिठी मारते. मामींना यातलं अक्षर कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. अरे देवा! चष्मा फुटलाय, म्हणजे हे मामीच वाचून दाखवत असणार. मामी, मामांचा काडीचा दोष नाही, पण घाटावर तसं म्हणू नका. त्यापेक्षा तुम्हीच या. सकाळी सातला सगळ्या असतात. मामांना मनसोक्त शिव्या द्या, बाईच्या हातून वल्हं हिसकावून घ्या (घरच्या बायकोनं हिसकावलं तर कुणाची हरकत नाही), नि सगळ्यांसमोर म्हणा, असलं सुंदर वल्हं म्हाताऱ्यांना काय करायचंय, आदिनाला द्या. मामांच्या पाठीत घालायचंच झालं तर होडीत मोडकं वल्हं ठेवलंय, ते घ्या. हे फार नाजूक आहे.