मी तुला थांब म्हणालो होतो

प्रिय खुशाल,

मैनावहिनींच्या गुडघ्यांमुळे तू वरूड सोडून लेकाकडे, मनोजकडे अकोल्याला गेलास, त्याला दोन महिने झाले. जुन्या शहरात एवढ्या गल्ल्या, एकीतही तुला पोस्टाची पेटी सापडली नाही का? असो, मी तरी कुठे लिहिलं.

इथे माझं संत्र्याचं शेड आहे तसंच आहे. सकाळी नऊला सवयीनं कुलूप काढतो, चार खुर्च्या मांडतो आणि तीन उचलून ठेवतो. माझी बायको पार्बता वारली, त्यानंतर तुम्ही तिघंच माझं घर होतात. सव्वानऊला शेअर बाजार उघडायचा, चार म्हातारी डोकी एका मोबाइलवर वाकायची आणि आकडा हिरवा दिसला की नत्थुजी स्वतःच्या खिशातून चहा सांगायचा. हे एरवी कधी घडलं असतं का, सांग.

तुम्ही मला जाणता समजत होतात. माझं ज्ञान केवढं, तर दलालीच्या दिवसांत ज्या बागेला गिऱ्हाईक नसे, तिच्या धुऱ्यावर, अगदी बांधाला लागून, मी दोन रिकामे ट्रक उभे करायचो. ते बघून तिसरा व्यापारी फळ न चाखताच विसार देऊन जायचा. आयटीचे शेअर चढू लागले तेव्हा मी तुम्हाला तेच शिकवलं. गर्दी जिकडे तिकडे चला, कंपनी काय करते ते विचारू नका. सहा महिने खरंही ठरलं. मनोजच्या घरावर तुझी आणि मैनावहिनींची वेगळी खोली बांधायला जपलेले पैसे तू त्यातच घातलेस.

मग पडझड सुरू झाली. माणसांची कामं आता कॉम्प्युटरच करणार, अशा बातम्या आल्या आणि काल घ्यायला धावणारे विकायला धावले. धर्मेंद्र आणि नत्थुजी मिळेल त्या भावात विकून मोकळे झाले. त्यानंतर ते शेडकडे फिरकलेच नाहीत. तू मात्र रोज यायचास आणि विचारायचास, “सहदेव, इकू का बे?” मी म्हणायचो, थांब.

काल मनोजचा फोन आला. तुम्ही दोघं बैठकीत झोपता आणि कोणी यायच्या आत, पहाटेच अंथरूण गुंडाळता, हे त्याच्याकडून कळलं. भाव आणखी खाली गेलाय. तो म्हणाला, “काका, बाबा अजूनई इकत नाई. म्हणते, सहदेवनं थांब म्हटलं हाय.” 

म्हणून हे पत्र. खुशाल, माझे सगळे शेअर मी पडझडीच्या पहिल्याच मंगळवारी विकले होते. तुम्ही चहा पीत होतात आणि मी शेडच्या मागे उभा राहून विकत होतो. गर्दी पांगायला लागली की ती कशी पांगते, हे मला तुमच्याआधी कळलं होतं. पण तुलाही विक म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी सव्वानऊला तू कशाला आला असतास? माझ्या ‘थांब’मागे एवढंच होतं, बाजाराचं त्यात काही नव्हतं. माझे वाचलेले पैसे खोलीला घे, असं वाक्य दोनदा लिहून खोडलं. तू घेणार नाहीस, आणि घेतलेस तर मला उगाच वाटेल की फिटलं. शेअर विकायचे की ठेवायचे, ते कोणा जाणत्याला विचार, मला विचारू नकोस. शिव्या मात्र फोनवर देऊ नकोस. त्या द्यायला तरी एकदा ये.

तुझाच,
सहदेव